पानावर आडवा हात

कमोडोर ६४ पुढ्यात घेऊन बसलं की यंत्राच्या मागे, डाव्या टोकाला, एक फट असते. तिथे खोबणी नाही, पिना नाहीत. आतल्या सर्किट बोर्डाची कडच तेवढी उघडी राहिलेली, तिच्यावर वरून बारा आणि खालून बारा तांब्याच्या पट्ट्या. वरच्यांना आकडे दिलेत, खालच्यांना इंग्रजी अक्षरं, त्यातली जी आणि आय गाळून. याचं नाव यूजर पोर्ट. १९८२ साली बाजारात आलेल्या या घरगुती संगणकाला टेलिफोनच्या तारेपर्यंत पोचायचं तर वाट हीच. ज्याला जे जोडायचं असेल त्याने ते आपल्या जबाबदारीवर जोडावं, असा त्या उघड्या कडेचा एकूण भाव.

माझ्याकडे हे यंत्र आलं ते शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातल्या गराज सेलमधून. त्याच टेबलावर, वेगळ्या खोक्यात, संगणकाला फोनच्या तारेशी जोडणारा मोडेम पडला होता, सेकंदाला १४,४०० बिटांच्या वेगाचा. तो कमोडोरचा नव्हताच. त्या घरात नंतर आलेल्या पीसीचा असणार. दोघांच्या वयात दहा वर्षांचं अंतर. विकणाऱ्या बाईंनी दोन्हींचा मिळून एक भाव सांगितला आणि त्या क्षणी मला वाटून गेलं, यांची जोडी लावायची.

पहिली अडचण विजेची. यूजर पोर्टातून बाहेर पडतात ते पाच व्होल्ट किंवा शून्य. मोडेमच्या पाठीवरचा पोर्ट मात्र आरएस-२३२ या प्रमाणाचा, आणि ते प्रमाण १९६० सालचं, टेलिटाइपच्या जमान्यातलं. त्यात ‘एक’ म्हणजे उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट आणि ‘शून्य’ म्हणजे अधिक तीन ते अधिक पंधरा. तेव्हा नुसता जोर वाढवून भागत नाही, होय आणि नाही यांची अदलाबदलही करावी लागते. दोघांना थेट तारेने जोडलं तर कमोडोरच्या आतली ६५२६ ही चिप जळू शकते. ती आता कुठे बनत नाही. दुसऱ्या एखाद्या मेलेल्या यंत्रातून उपसून घ्यावी लागते. पूर्वी हे रूपांतर करणाऱ्या चिपांना अधिक बारा आणि उणे बारा व्होल्ट बाहेरून पुरवावे लागत. मग १९८७ साली मॅक्सिम कंपनीने मॅक्स-२३२ काढली. तिच्याभोवती चार-पाच कपॅसिटर बसवले की एकट्या पाच व्होल्टांतून ती स्वतःच दोन्हीकडचे दाब तयार करते. काही रुपयांची ही चिप माझ्या मते विसाव्या शतकातल्या थोर दुभाष्यांपैकी एक आहे. तिचं चरित्र कुणी लिहिणार नाही, ते सोडा.

खरी गंमत पुढे आहे. सिरियल पोर्ट सांभाळायला ६५५१ नावाची एक चिप कमोडोरच्या मालकीच्या मॉस टेक्नॉलॉजीकडेच होती. तारेवरून एकेक बिट येत राहतो, ही चिप ते गोळा करते, आठ जमले की बाइट तयार ठेवते आणि प्रोसेसरला हाक मारते. तोवर प्रोसेसर आपल्या कामाला मोकळा. पण यंत्र स्वस्तात विकायचं होतं. कमोडोरच्याच आधीच्या व्हिक-२० या संगणकात ती चिप गाळली गेली आणि तोच कित्ता कमोडोर ६४ मध्ये गिरवला गेला. तिच्या जागी कर्नल नावाच्या रॉममध्ये काही सूचना लिहिल्या गेल्या, ज्या ६५५१ असल्याचं सोंग वठवतात. हाताशी चिप असल्यासारखीच आज्ञा द्यायची. प्रत्यक्षात सगळी राबणूक प्रोसेसरची. तार खाली आली की तो हातातलं काम टाकतो. मग दर बिटाला घड्याळ त्याला पुन्हा उठवतं, तो तारेकडे पाहतो, एक आहे की शून्य ते टिपून घेतो आणि परत कामाला जातो. बोलायचं असलं तरी हेच, प्रत्येक बिटाला एकदा उठायचं.

३०० बॉडला हे सोंग उत्तम चालतं. (बिट आणि बॉड यांतला भेद जाणकार काढतील. त्या काळी घराघरांत बॉडच म्हणत, मीही म्हणणार.) प्रोसेसरचे सेकंदाला सुमारे १० लाख २३ हजार ठोके पडतात; ३०० बॉडला एकेका बिटाच्या वाट्याला ३,४०० ठोके येतात. भरपूर झाले. कमोडोरने विकलेला पहिला मोडेम, व्हिकमोडेम, ३०० चाच होता. त्याला नंबर फिरवता येत नसे. आपण फोन लावायचा, पलीकडून शिट्टी ऐकू आली की रिसीव्हरची वेटोळी वायर उपटून मोडेममध्ये खोचायची. तो स्वस्त होता आणि लाखांनी खपला. या मोडेमांच्या बळावर १९८५ च्या नोव्हेंबरात क्वांटम लिंक ही फक्त कमोडोरवाल्यांसाठीची सेवा उभी राहिली. तीच पुढे अमेरिका ऑनलाइन झाली, हे आता कुणाला खरं वाटत नाही.

२,४०० ला बिटामागे ४२६ ठोके उरतात. दम लागतो, पण जमतं. ९,६०० ला १०६. इथे व्हिक-२ नावाची चित्राची चिप आड येते. पडद्यावर अक्षरं काढताना दर आठव्या रेघेला ती प्रोसेसरला बाजूला सारते आणि चाळीसएक ठोके स्वतःकडे ओढून घेते. ४२६ मधले चाळीस गेले तर बिट थोडा उशिरा पाहिला जातो, एवढंच. १०६ मधले चाळीस गेले की पाहायचा बिट निघूनही गेलेला असू शकतो. म्हणजे या यंत्राला ऐकणं आणि दाखवणं एका वेळी नीट करता येत नाही. टेप वाचताना कमोडोर पडदा कोरा करतो, त्यामागेही हेच कारण आहे. डिस्क ड्राइव्हशी बोलायची वेळ आली तर तो टेलिफोनच्या तारेकडे पूर्ण पाठच फिरवतो. डिस्कच्या वायरवरचे बिटही त्यालाच मोजायचे असतात, आणि एका वेळी दोन तारा मोजता येत नाहीत.

पुष्कळ लोक या यंत्राला मठ्ठ म्हणतात. मला ते पटत नाही. मठ्ठाला ऐकलेलं समजत नाही. याला सगळं समजतं, पण घरातलं प्रत्येक काम याच्या एकट्याच्या अंगावर आहे.

तोवर बाहेर मोडेम कुठल्या कुठे गेले. हेज कंपनीचा स्मार्टमोडेम १९८१ सालचा, ३०० चाच, पण त्याला आज्ञा समजत. एटी म्हटलं की तो सावध होई. यातला ए नुसता शोभेचा नाही. त्या अक्षराचा पहिला बिट एक असल्यामुळे त्याच्याआधीचा प्रारंभीचा शून्य सुटा उभा राहतो. त्याची लांबी मोजून मोडेम आपण कुठल्या वेगाने बोलतोय ते ओळखतो. इतकी सुबक कल्पना रोज लाखो वेळा वापरली गेली आणि कुणाच्या लक्षातही आली नाही. पुढे १,२०० झाले, २,४०० झाले, १९९१ मध्ये १४,४०० चं प्रमाण ठरलं. १९९४ मध्ये २८,८०० चं ठरलं, आणि त्याच वर्षी कमोडोर कंपनीचं दिवाळं निघालं. नव्या मोडेमांत चुका दुरुस्त करण्याची आणि मजकूर दाबून पाठवण्याची सोय होती. म्हणून फोनच्या तारेवरचा वेग काहीही असो, संगणकाच्या बाजूने ते ३८,४०० किंवा ५७,६०० ला बोलू पाहत. रॉकवेल कंपनीच्या चिपांवरचे मोडेम तेव्हा फार चालत, आणि त्यांतला कारभारी प्रोसेसर ६५०२ च्या वंशातला. कमोडोर ६४ चा प्रोसेसरही त्याच कुळातला. म्हणजे तारेच्या दोन्ही टोकांना भाऊबंदच. एकाला मात्र हाताखाली आकडेमोड करणारा वेगळा मदतनीस दिलेला, आणि दुसऱ्याला पडदा, कळफलक, डिस्क, टेप, सगळं स्वतः पाहायचं.

३८,४०० ला एका बिटामागे २६ ठोके मिळतात. त्यात यंत्राच्या पाच-सहा सूचना बसतात. सोंगाचा प्रश्नच संपला.

तोडगा निघाला तो गाळलेली चिप परत आणण्याचा. १९९० च्या सुमारास डॉक्टर ईव्हिल लॅबोरेटरीज असं झकास नाव घेतलेल्या एका छोट्या मंडळीने स्विफ्टलिंक नावाचं काडतूस काढलं. यूजर पोर्ट सोडून ते मागच्या काडतुसाच्या खाचेत बसतं, आणि आत असते ६५५१. तिची मूळची मर्यादा १९,२००. यांनी तिला दुप्पट वेगाचं स्फटिक लावलं आणि ३८,४०० मिळवले. आता प्रोसेसरला दर बिटाला उठावं लागत नाही, दर बाइटला उठलं की झालं. दोन बाइटांच्या मध्ये २६६ ठोके. पुन्हा श्वास घेता येतो. दुसरीकडे डॅनियल डालमान यांनी यूजर पोर्टवरच, दोनचार पट्ट्या एकमेकींना जोडून आणि ६५२६ मधलं, एकेक बिट सरकवत बाइट जमवणारं शिफ्ट रजिस्टर कामाला लावून, ९,६०० गाठले. ते रजिस्टर बाइट उलट्या टोकाकडून वाचतं, म्हणून प्रत्येक बाइट नंतर आरशात पाहिल्यासारखा सुलटा करावा लागतो. या जुळणीला यूपी-९६०० म्हणतात. स्विफ्टलिंकपेक्षा तिच्यावर माझा जास्त जीव आहे. आत काहीही नवीन न घालता, होतं त्यातूनच वाट काढलेली.

पण बाइट घेता आला म्हणजे पचवता आला, असं होत नाही. चाळीस अक्षरांची एक ओळ ३८,४०० ला साधारण दहा मिलिसेकंदांत येते. पडदा भरलेला असेल तर नव्या ओळीसाठी जुन्या सगळ्या वर सरकवायच्या. अक्षरांचे हजार आणि रंगांचे हजार असे दोन हजार बाइट उचलून पलीकडे ठेवायचे. दहा मिलिसेकंदांत यंत्राचे ठोके पडतात दहा हजार. बाइटामागे पाच; एवढ्यात नुसता उचलणंही कठीण, ठेवणं लांबच. मजकूर साठत जातो आणि मग सांडतो. सांडलेलं अक्षर पडद्यावर दिसत नाही. दिसतो तो त्याच्या अभावाने विद्रूप झालेला शब्द.

इथे मला पंगत आठवते. आग्रह करणारा वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला की जेवणारा बोलत नाही, त्याच्या तोंडात घास असतो. तो पानावर आडवा हात धरतो. तेवढ्याने वाढपी थांबतो, निदान थांबायला हवा. आरएस-२३२ च्या केबलमध्ये मजकुराच्या दोन तारांव्यतिरिक्त आणखी काही तारा असतात, आणि त्यांतली आरटीएस नावाची तार नेमकं हे काम करते. संगणकाने ती उतरवली की मोडेम थांबतो, आलेला मजकूर आपल्यापाशी ठेवतो. पुन्हा चढवली की वाढायला लागतो. ‘पुरे’ तोंडाने म्हणायचीही पद्धत आहे. त्यासाठी दोन ठरावीक अक्षरं मजकुरातूनच पाठवतात. पण फाइलमध्ये तीच अक्षरं मजकूर म्हणून आली तर घोटाळा होतो, आणि घास गिळून ‘पुरे’ म्हणेपर्यंत दोन जिलब्या पानात पडलेल्या असतात. हातही पान भरल्यावर धरून चालत नाही. पळी कलती झालेली असते, तेवढं तरी पडणारच. म्हणून चांगला टर्मिनल प्रोग्रॅम साठवण काठोकाठ भरायच्या बराच आधी तार उतरवतो, आणि बरीचशी रिकामी झाल्याशिवाय चढवत नाही.

मोडेमला ही तार पाळायला सांगावं लागतं, आणि स्वस्त केबलमध्ये ती असतेच असं नाही. जुन्या ३०० च्या मोडेमांना तिची गरज नव्हती, म्हणून पुष्कळ जुन्या जोडण्यांत तीनच तारा दिसतात: जाणारी, येणारी आणि सामाईक. वेगवान मोडेमला तसली केबल लावली की लोक मोडेमला शिव्या देतात. माझ्या हिशेबी या सगळ्या खटपटीत वेग वाढवणारी एकही गोष्ट थांबवता येणाऱ्या या एका तारेच्या तोडीची नाही. ती असली की संथ यंत्राला कितीही वेगवान सोबती चालतो.

आणि ६५५१ ची खोड पाहा. या चिपला आरटीएस उतरवायला सांगितलं की ती स्वतःचं बोलणंही बंद करते. दुसऱ्याला थांब म्हटल्याबरोबर हिचीही दातखीळ बसते. ही बनवणाऱ्यांची चूक म्हणायची तर तसंही नाही. मूळ प्रमाणात ही तार ‘मला बोलायचंय’ हे सांगण्यासाठी होती, एका वेळी एकच बाजू बोलू शकेल अशा जुन्या मोडेमांसाठी. बोलायचं नसेल तर तोंड बंद, हे त्या हिशेबात बरोबरच होतं. पुढे लोकांनी तारेचा अर्थ बदलला, चिप जुन्या अर्थाला धरून बसली. स्विफ्टलिंकसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हा हट्ट सांभाळून घ्यावा लागे.

हे सगळं मी मोठेपणी शिकलो. पुण्यात माझ्या लहानपणी शेजारी डीबी स्पेक्ट्रम हा संगणक होता. पुण्याच्याच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लसची परवान्याने काढलेली आवृत्ती. टेपरेकॉर्डर, पोर्टेबल टीव्ही आणि रबरासारख्या वासाचा तो काळा कळफलक. मोडेम हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलाही नव्हता. कसा ऐकणार? फोनसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते, आणि आलेला फोन गल्लीचा होऊन जाई. तो संगणकाला जोडून तासभर अडवून ठेवला असता तर गल्लीने आम्हाला वाळीत टाकलं असतं. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. तोवर कमोडोरचं दुकान बंद झालं होतं. आमच्या पिढीने मोडेम पाहिला तो थेट पीसीला लावलेला. तरी दुखणं तिथेही तेच होतं, हे मला फार उशिरा कळलं. जुन्या पीसीतली ८२५० ही चिपसुद्धा एकच बाइट धरून ठेवी. विंडोज दुसरीकडे गुंतलं की पुढचा बाइट मागच्यावर पडे. १६५५० ए ही चिप आली, तिच्यात सोळा बाइटांची रांग होती, आणि तेवढ्या सोळा बाइटांनी प्रश्न मिटला.

शिकागोत राहून या वेडात पडलेल्या माणसाला १९७८ च्या जानेवारीतलं हिमवादळ माहीत असावंच लागतं. त्या वादळात घरात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी रँडी स्यूस यांच्यासोबत एक फलक रचायला घेतला, फोन लावून ज्यावर कुणीही निरोप चिकटवू शकेल असा. १६ फेब्रुवारीला तो लोकांसाठी खुला झाला. पहिला बुलेटिन बोर्ड. त्याच्या आदल्या वर्षी क्रिस्टेन्सन यांनी एक्समोडेम लिहिलं होतं. फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे, एक तुकडा पाठवायचा, आणि पलीकडून पोचपावती आल्याशिवाय दुसरा पाठवायचा नाही. या शिस्तीमुळे घेणाऱ्याला आपोआप उसंत मिळते. तो तुकडा निवांत डिस्कवर लिहितो, मग पावती देतो. वेगाच्या शर्यतीत एक्समोडेमची संथ म्हणून खूप चेष्टा झाली. कमोडोरवर मला अजूनही तेच सगळ्यांत भरवशाचं वाटतं.

टेलिफोनची तांब्याची तार आता आमच्या घरात येत नाही, म्हणून गराज सेलमधला तो मोडेम शेवटी शोभेलाच राहिला. त्याच्या जागी आगपेटीएवढा वायफाय मोडेम लावलाय. आत ईएसपी-८२६६, ८० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. मालकापेक्षा नोकर ऐंशीपट चपळ. पण तो बोलतो १९८१ च्या स्मार्टमोडेमच्या भाषेत. एटीडीटी लिहायचं आणि नंबराच्या जागी इंटरनेटवरचा पत्ता. उत्तर येतं, जोडलं, ३८,४००. ही निव्वळ थाप आहे. जोडायला तिथे फोनलाइनच नाही. कमोडोरचा विश्वास बसतो, आणि आजही चालू असलेल्या बुलेटिन बोर्डांपैकी एखादा उघडतो.

वाचायचं असेल तेव्हा मी वेग १,२०० वरच ठेवतो. सेकंदाला १२० अक्षरं, हजार अक्षरांचा पडदा आठ सेकंदांत भरतो. डोळा ओळीबरोबर चालतो. फाइल उतरवायची असेल तेव्हा काडतूस लावून ३८,४००. त्यात नवीनच पेच निघाला. १५४१ या डिस्क ड्राइव्हच्या एका बाजूवर १७० किलोबाइट मावतात. तेवढा मजकूर तारेवरून पाऊण मिनिटात येतो, आणि तो लिहून घ्यायला ड्राइव्हला, सेकंदाला चारशेएक बाइटांच्या त्याच्या गतीने, सात मिनिटं लागतात. म्हणजे आता अख्ख्या साखळीत सगळ्यांत हळू आहे ती या यंत्राची आपलीच डिस्क. तिच्याही वायरसाठी मुळात शिफ्ट रजिस्टर वापरायचं ठरलं होतं. व्हिक-२० च्या वेळी ते रजिस्टर असलेल्या चिपमध्ये दोष निघाला, आणि तेव्हापासून तिथेही प्रोसेसर एकेक बिट स्वतः ढकलतो आहे. जिफीडॉस नावाची रॉम बसवली की तो बराच भराभर ढकलतो म्हणतात. मागवली आहे.